प्रेमलाचा गुडघा

"अहो, आज माझा गुडघा फार दुखतोय. रोपवेनं जाऊ या का?" पावागडच्या माचीवर बसमधून उतरल्या उतरल्या प्रेमलाने उजवा गुडघा चोळत विचारले.

लक्ष्मीकांत पायऱ्यांकडे बघत उभा होता. रिफायनरीत पंपांचा फिटर होता तेव्हापासून तो बायकोला घेऊन बडोद्याहून इथे येई. पावसाळ्यात ढगांतून, थंडीत उन्हे खात, उन्हाळ्यात उजाडायच्या आत. देवदर्शन हे निमित्त, खरी हौस चढण्याची. डोक्यावरून रोपवेची डबी गेली की हा मुद्दाम मोठ्याने म्हणे, "ती बघ, पार्सलं चालली!"

दिवाळीत त्याला स्टेंट बसला आणि डॉक्टरांनी चढ बंद केला. तरी आज पायीच चढायचे, असा हट्ट धरून स्वारी आली होती. बडोद्यात हरणी भागातल्या त्यांच्या घरचा जिना चढताना तो मधेच थांबतो, हे प्रेमला रोज ऐकत होती.

"तुला तर गच्चीच्या कठड्याशीसुद्धा उभं राहवत नाही," तो म्हणाला.

"डोळे मिटून बसेन. तुमचं काय जातंय?"

"बरं. पण तुझ्या गुडघ्यासाठी हं!"

त्याला सुटल्यासारखे वाटले, आणि तसे वाटल्याची लाजही वाटली.

"काका, बेसो बेसो! बा, नीचे जोशो नहीं," रोपवेवरच्या माणसाने दोघांना बसवत प्रेमलाला खाली बघू नका म्हणून बजावले. डबी हलली तशी प्रेमलाने डोळे गच्च मिटून नवऱ्याचे मनगट धरले. खाली पायऱ्यांवर माणसे चढत होती. त्यांच्यातलाच कोणीतरी वर बघून हसला. लक्ष्मीकांतने मान दुसरीकडे वळवली.

वर दार उघडले. देवळापर्यंत अजून पायऱ्या होत्याच. जीव भांड्यात पडल्यामुळे प्रेमला तरतर चढूनही गेली. लक्ष्मीकांत कठडा धरून धापा टाकत खालीच राहिला.

"अगं, गुडघा!" तो कसाबसा म्हणाला.

ती थबकली. "हो की. मेला अजून ठणकतोय," म्हणत तिने गुडघा धरला. डावा.

थट्टेची एवढी आयती संधी त्याने जन्मात सोडली नव्हती. आज मात्र त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

"हळू. माझा हात धर," तो म्हणाला.

ती खाली आली आणि तिने त्याचा हात धरला. थोड्या थोड्या पायऱ्यांवर ती म्हणे, "थांबा हं, दुखतंय." त्याचा श्वास जागेवर यायला जेवढा वेळ लागे, तेवढा वेळ तिचा गुडघा दुखत राही.