जनाबाईचा ठसका

इतवारीच्या मिरची बाजारात भिवापुरी मिरचीचे देठ खुडता खुडता जनाबाईचं नाक मेलं, डोळ्यांचं पाणी आटलं. बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून शिंकायच्या, ही आपली मख्ख बसायची. आणि याच नाकाच्या भरवशावर बाईनं नवऱ्याचं निदान केलं, बोला!

ब्याऐंशी सालची गोष्ट. कंदिलाची काच लागून नवऱ्याचं, जागेश्वरचं, मनगट कापलं. टाके पडले, जखम भरली. पण मागावर विणायला बसून धोटा धरला की माणूस किंचाळायचा. सुताचा धागा लागला तरी पंजा पेटायचा. गल्ली म्हणाली, नाटकं करते हा. जनाबाई गल्लीशी भांडली. तिनं मीठ-मोहरी-मिरच्या त्याच्यावरून ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका लागला नाही तर नजर लागलेली, हे शेंबडं पोरही सांगेल. तिला ठसका लागला नाही.

"मले तं लागून राहिला वं," जागेश्वर खोकत म्हणाला.

"तो बिडीचा हाय. चूप बसा."

नजर कोणाची? जाऊबाईची, कौसल्येची! तीच म्हणाली होती, भाऊजींच्या हाताले तोड नाही. कौसल्या बिचारी दारात येऊन सांगायची, "मोठ्या दवाखान्यात न्या वं त्याईले." जनाबाईनं तिचं येणंच बंद केलं. दर शनिवारी चूल धुमसत राहिली.

दोन दिवाळ्या गेल्या. एक दिवस जागेश्वर म्हणाला, "जने, हा हात तोडूनच टाक." तेव्हा कुठं ती त्याला घेऊन दवाखान्यात गेली.

डॉक्टर अरुंधतीबाईंनी पंज्यावर नुसता कापूस फिरवला. जागेश्वर ओरडला.

"खोटं नाही ओरडत हे," बाई म्हणाल्या. "नस मनगटात तुटली. पण तिचं दुसरं टोक पाठीच्या कण्यात जातं ना, तिथली रसायनं बदलली. दुखणं दाबणारी कमी झाली, भडकवणारी वाढली. आता कापूस लागला तरी मेंदूला निरोप जातो विस्तवाचा."

"मंग नजर?"

"नजर कसली! पहिल्या काही महिन्यांत आणलं असतं तर नस जोडून पाहिली असती. काहून थांबल्या एवढं?"

हात आपल्यापायी गेला, एवढं जनाबाईला कळलं. कळलं, पण आत काही हललं नाही.

घरी येऊन तिनं स्वतः कौसल्येला हाक मारली. चूल पेटवली, मूठभर मिरच्या टाकल्या. कौसल्या खोकत भिंतीला टेकली. जागेश्वर खोकला. शेजारची म्हातारी पलीकडून शिव्या देऊ लागली. जनाबाई कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांकडे पाहत राहिली.

"पुरे कर वं, जने," जागेश्वर म्हणाला. "मी काही म्हणलो का तुले?"

नव्हता म्हणाला. एकदा तरी डोळ्यांत पाणी यावं म्हणून जनाबाईनं उरलेल्या मिरच्याही चुलीत टाकल्या.