लांबीने बुजवलेलं तोंड

दर्शना मेस्त्री वीस वर्षं शिल्पं करत होती. लोखंड, लाकूड, कापड, पत्रा, सगळं एकत्र जोडून. प्रदर्शनात लोक विचारायचे, "भंगारातून करता का?" त्यामुळे परळमधल्या एका टॉवरच्या बिल्डरने गिरणीतल्या बाईचं शिल्प लॉबीसाठी मागितलं, तेव्हा ती खरोखर खूश झाली. टॉवर जुन्या गिरणीच्याच जागेवर होता.

त्या गिरणीत वाइंडिंग खात्यात, बॉबिनवर सूत गुंडाळायचं काम केलेल्या कमलमावशी नायगावच्या चाळीत तिच्या शेजारी होत्या. ब्याऐंशीच्या संपात गेटवर घसा बसेपर्यंत घोषणा दिलेल्या. दर्शनाने त्यांनाच घडवलं. पाडलेल्या चाळीच्या सागवानी दारांचं धड, सळ्यांचे हात, पितळी पत्रा ठोकून काढलेला चेहरा. तोंड उघडं, ओरडणारं. मावशींनी अंगावर घालायला स्वतःचं लुगडं दिलं. चिंचपोकळीला जयवंत वेल्डरच्या गाळ्यात आठ महिने हे काम चाललं होतं.

शिल्प आधीच टॉवरमध्ये पोचवलं होतं. उद्घाटनाला ती मावशींना घेऊन गेली. लॉबीत शिरली आणि थबकली. शिल्पावर डोक्यापासून पायापर्यंत सोनेरी रंग फवारला होता. लाकूड, लुगडं, काही सोडलं नव्हतं. तोंडात लांबी, भेगा बुजवायची पुट्टी, भरून वर हसरे ओठ काढले होते.

बिल्डरच्या कंपनीतला हितेंद्र लगबगीने पुढे आला. "मॅडम, लहान मुलं घाबरली असती. आता कसं पॉझिटिव्ह वाटतंय!"

"मला विचारलंत?"

"छोटासा टचअप तर आहे."

मावशींनी शिल्पाच्या गालावर हात ठेवला. "ह्यां काय केल्यानी गो माज्या तोंडाक?"

ते ऐकून दर्शनाच्या रागाचा भडका उडाला. पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. तिने सरळ जाऊन माइक घेतला. "हे शिल्प मी केलेलं नाही. मी केलेली बाई ओरडत होती. हिच्या पोटावर पाय आला तेव्हाही ओरडली होती. तुम्ही तिचं तोंड लांबीने भरलंत, आणि वर तिला हसायला लावताय?"

माइक बंद झाला. ती तशीच मोठ्याने बोलत राहिली. "माझं नाव काढा, नाहीतर शिल्प परत द्या!"

हितेंद्र दातओठ खात म्हणाला, "घेऊन जा तुमचं ते भंगार."

चार दिवसांनी टेम्पोने शिल्प गाळ्यासमोर आणून टाकलं. एक हात वाकला होता. थिनरने पितळ उघडं पडलं, लाकूडही बरंचसं. लुगड्याच्या धाग्यांत मात्र सोनेरी रंग मुरला होता, तो निघेना. दर्शना संतापाने रडली.

"लुगडां जावंदे," मावशी म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून दुसरं काढून ठेवलं. "आधी तोंड मोकळा कर."

जयवंतने डोकं घट्ट धरलं आणि दर्शनाने छिन्नी लावली. लांबीचे तुकडे जमिनीवर पडत राहिले. तोंड मोकळं झालं तेव्हा जयवंतने डोकं सोडून मोबाइल दाखवला. बिल्डरच्या जाहिरातीत तोच सोनेरी, हसरा पुतळा अजून झळकत होता, खाली तिचं नाव.

दर्शनाने हात पुसले. "वकिलाकडे जाऊ या, मावशी. आत्ताच."

मावशी चपला घालायला उठल्या.