सदतिसाव्या पानाच्या भेटी

हॉस्पिटलची वेबसाइट अठरा वर्षांची, पानं एकेचाळीस. तिचं काम ज्यांच्याकडे आलं त्या बाईंनी ठरवलं, एकदम पाडायची नाही. आठवड्याला एक पान नव्या फ्रेमवर्कमध्ये न्यायचं, तोवर जुनं-नवं शेजारी शेजारी नांदेल. भिंतीवर यादी होती. पान हललं की बाई लाल पेनाने खूण करत, आणि तेव्हा त्यांचा चेहरा असा फुले, जणू लेकच उजवली!

सदतिसावं पान डायलिसिसच्या पेशंटनी गाडी बोलवायचं. मोजणीत दिसत होतं: तीन महिन्यांत भेटी शून्य.

"हे नेतच नाही. काढून टाकू," बाई म्हणाल्या.

जुनी साइट लिहिणारे काका कोपऱ्यात बसत. ऑफिस त्यांना 'पुरातत्त्व खातं' म्हणे. "शून्य कसं? गाडी तर भरून येते."

"फोन करत असतील. काका, आकडे खोटं बोलत नाहीत."

"आकडे बोलतच नाहीत, बाई. त्यांच्या तोंडून आपणच बोलतो."

"तुम्हाला काय, फुटकं मडकंही टाकवत नाही!"

सगळे हसले. काका चष्मा पुसत गप्प बसले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत ही एक विद्या त्यांना पक्की आली होती.

शुक्रवारी पान काढलं. नियम असा, की काढलेल्या पानाचा पत्ता कुणी उघडला तर त्याला पहिल्या पानावर पाठवायचं. तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आपलं स्वागत आहे'.

सोमवारी चार पेशंटनी रिसेप्शनला फोन करून आकाशपाताळ एक केलं आणि गाडी मिळवली. रिसेप्शनने वर कळवलं नाही. दिवसाच्या शंभर तक्रारींत चार कोण मोजतो? पाचवा पेशंट इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी मांडीवर घेऊन घराच्या फाटकाशी बसून राहिला. बुधवारीही तसाच. गुरुवारी शेजारणीने बाईंना फोन लावला, तेव्हा त्याला धड श्वास घेता येत नव्हता.

ते बाईंचे वडील.

"अप्पा, मला एक फोन करता आला नाही?"

"तुझं नवं काम ना ते," अप्पा धापा टाकत म्हणाले. "स्वागत आहे म्हणालं, म्हटलं येईल गाडी. नाही आली, तर... चारचौघांत तुझ्या कामाला नावं कशी ठेवायची, पोरी?"

अप्पांना न्यायला गाडी येते, एवढंच बाईंना ठाऊक होतं. ती कोण बोलावतं, कशी, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

शनिवारी अप्पा गेले.

दोन आठवड्यांनी बाई कामावर आल्या. काकांनी पान पुन्हा लावून ठेवलं होतं. बाईंनी त्याचा कोड उघडून वरपासून खालपर्यंत वाचला. भेटी मोजणारी ओळ त्यांनीच घातली होती, सगळ्या पानांना सामाईक असलेल्या माथ्यात, म्हणजे कोडच्या सुरुवातीच्या भागात. हे पान सर्वांत जुनं. त्याचा माथा वेगळा होता. तिथे ती ओळ कधी पोचलीच नव्हती.

त्यांनी ती ओळ तिथे लिहिली.

संध्याकाळी आकडा आला: चार.

आकडा अगदी बरोबर होता.