मलम उतरायच्या आत

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास, ब्लितार गावातल्या एका घराच्या पुढच्या खोलीत, घरोघरी जाऊन चेहऱ्याचे उपचार करणाऱ्या बू यायुकने लिंतांगच्या चेहऱ्यावर भूल देणारं मलम लावलं. वर पातळ प्लास्टिक चिकटवलं आणि पाऊण तास हलायचं नाही असं बजावलं. लिंतांग चटईवर उताणी पडली होती. उशाशी स्टीलच्या तबकात, मुरमांचे खड्डे भरायला चेहऱ्यावर फिरवायचा, सुयांचा नवा रोलर होता. त्याचं सीलबंद पाकीट बू यायुकने लिंतांगच्या डोळ्यांदेखत फोडलं होतं. हा तिचा नियम होता.

मलम अजून भिनलंही नव्हतं, तोच लिंतांगची मोठी बहीण सेकार दारात येऊन उभी राहिली. पहाटेची नमाज आटोपून तिने नोकरीच्या शहरातून, सुराबायाहून, बस धरली होती. दोघींची इबू, म्हणजे आई, हातात झारा घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आली. आत कढईत शेंगदाण्याचे कुरकुरीत पेयेक तळणं चाललं होतं.

"न्दुक, पोरी, कळवायचं तरी. काही खाल्लंस?"

"नंतर खाते, इबू."

"माझी जाहिरात आपल्या पायांनी चालत आली बघा," बू यायुक हसली. "आता मला तोंड चालवायला नको."

ती गंमत करत होती, पण खोटं बोलत नव्हती. तिच्या फलकावर आणि फोनवर सेकारचाच चेहरा होता. आधीचा खड्ड्यांचा, आणि शेजारी दहाव्या दिवशीचा, धुतलेल्या पेरूसारखा तुकतुकीत. तोच चेहरा घेऊन सेकार बँकेच्या मुलाखतीला गेली होती. बँकेच्या जाहिरातीत शिक्षणाच्या आधी 'आकर्षक व्यक्तिमत्त्व' असं लिहिलेलं होतं. ती निवडली गेली. पुढच्या काउंटरवर बसू लागली.

लिंतांगचे गालही तसेच खड्ड्यांचे होते. शाळेत तिला मुली खवलेल्या नारळाची करवंटी म्हणायच्या. शहरातल्या मोठ्या दुकानात सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर मुली हव्या होत्या आणि पुढच्या महिन्यात मुलाखती होत्या. आदल्या संध्याकाळी इबूने फोनवर सहज सांगितलं, की यायुक उद्या येणार आहे. सेकारने लगेच लिंतांगला फोन लावला आणि करू नकोस म्हणून सांगितलं. कारण मात्र तिच्या तोंडून निघालं नाही. लिंतांगने फोन ठेवून दिला.

"ताई," लिंतांग आता प्लास्टिकखालून बोलली. ओठ जड झाल्यामुळे शब्द घरंगळत होते. "आलीस ते बरं झालं. हात धर माझा. पण उपदेश नको."

"तू बू यायुकना खरं सांगितलंस?"

"काय खरं?"

"कानाचं."

बू यायुकने फोनवरून मान वर केली. लिंतांगने डोळे मिटून घेतले.

उपचाराआधी बू यायुक प्रत्येकीला विचारायची. दिवस गेलेत का, मुरमांच्या गोळ्या चालू आहेत का, ओठावर फोड उठतात का, आणि कधी एखादी जखम भरताना गाठ होऊन वर आली आहे का. हे प्रश्न तिने आठ महिन्यांपूर्वी सेकारलाही विचारले होते. सेकारच्या कानामागे शाळेत असताना टोचलेल्या दुसऱ्या भोकाची चिंचोक्याएवढी गाठ होती. एकदा कापून घेतली, तर दुप्पट होऊन परत आली. सुराबायाच्या डॉक्टरीणबाईंनी कानाची पाळी उचलून पाहिली होती आणि सुया लावायला साफ नकार दिला होता. म्हणून सेकार ईदच्या सुट्टीत गावी आली. डोक्यावरची कापडी टोपी कानांवरून न काढताच बू यायुकसमोर झोपली आणि नाही म्हणाली. काम झाल्यावर हसत हसत लिंतांगला म्हणालीही होती, "ती फार विचारत बसते. तू सगळ्याला नाहीच म्हण."

लिंतांग विसरली नव्हती.

"कानाचं काय?" बू यायुकने विचारलं.

सेकारने हनुवटीखालची टाचणी काढली. मग डोक्यावरचं कापड उतरवलं, टोपीही काढली. उजव्या जबड्याच्या कडेने, कानापासून हनुवटीच्या दिशेने, तांबूस मांसाची दोरी चढली होती. मधेच करंगळीच्या पेराएवढी जाड, चकचकीत. बँकेत ती कापड पुढे ओढून बसायची. रात्री खाजवू नये म्हणून हातमोजे घालून झोपायची.

इबूच्या हातातला झारा खाली आला. "हे तर तुझ्या बापाच्या खांद्यावर होतं," ती हळूच म्हणाली. "लस टोचली होती तिथे."

"कधीपासून?" बू यायुकचा आवाज कोरडा झाला होता.

"तिसऱ्या महिन्यात दोन दाणे आले. मला वाटलं, पुटकुळ्या असतील."

"मी विचारलं होतं तुला."

"हो."

"आणि तू नाही म्हणालीस."

"हो."

बू यायुक गुडघ्यांवर पुढे सरकली. लिंतांगच्याही कानांवर तशीच टोपी होती, ती वर सारली. पाळीच्या मागे मुगाएवढा दाणा होता. तिने तो बोटाने दाबून पाहिला, मग हात पुसले.

"उठ. धुऊन टाक तोंड."

"ते भोक पिकलं होतं म्हणून तसं झालंय," लिंतांग उठून बसली. प्लास्टिक गालावरून लोंबत होतं. "ताईचं वेगळं, माझं वेगळं."

"बाप एकच ना?" इबू म्हणाली.

"हिला नोकरी लागेपर्यंत बाप आठवला नाही कुणाला." लिंतांगची जीभ अडखळत होती, पण थांबत नव्हती. "ताई, ती दोरी कापडाखाली झाकली जाते. माझे खड्डे कशाखाली झाकू? तू काउंटरवर बस आणि मी इथे पेयेकच्या पिशव्या बांधत बसते."

"लिंतांग, मला डॉक्टर महिन्याला इंजेक्शन देतात त्यात. अजून बसली नाही ती. कापली तर वाढेल म्हणतात."

"पण मुलाखत झाली ना तुझी?"

सेकार बू यायुककडे वळली. "बू, निदान तो फोटो काढून टाका."

"फोटो खोटा नाही. दहाव्या दिवशीचा आहे, आणि दहाव्या दिवशी तू तशीच होतीस." बू यायुक सामान भरत होती. "खोटं तू बोललीस. गल्लीत नाव माझं जाईल."

"आणखी एखादी मुलगी तो बघून आली तर?"

"तर मी विचारल्यावर तीही नाहीच म्हणेल," बू यायुक म्हणाली. चेहऱ्यावरचा राग मात्र आता कुणा एकीवर नव्हता. फोडलेला रोलर दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही. एरवी तो ती आपल्या झाकणाच्या डब्यात घालून न्यायची. आज तिने तो रिकाम्या पाकिटासकट कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या टोपलीत टाकला आणि निघाली. स्कूटरचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला.

लिंतांग तोंड धुवायला न्हाणीकडे निघाली. सेकार आडवी आली, तर तिने खांद्याने तिला बाजूला केलं.

"आता पोटभर खा," ती म्हणाली. "दमली असशील."

सेकार चटईवर बसली. इबूने भात आणि तिखट तिच्यापुढे ठेवलं, उघड्या जबड्याकडे एकदा पाहिलं आणि दुसरीकडे नजर वळवली. कढईतलं तेल जळल्याचा वास आला, तेव्हा इबू उठली. करपलेले पेयेक टाकायला तिने टोपली ओढली आणि वाकून पाहतच राहिली.

"सेकार, यायुकने ते इथेच टाकलं ना?"

टोपलीत रिकामं पाकीट होतं. रोलर नव्हता.

मलमाची भूल अजून तासभर तरी टिकणार होती. सेकारने न्हाणीचं दार ढकललं. आतून कडी होती.

"लिंतांग, दार उघड."

आत नळ वाहत होता. मग तो बंद झाला.