वरच्या खोल्यांचं भाडं

वरच्या खोल्यांच्या वीजमीटरमधली चकती फिरत होती – तांबडी खूण दिसायची, नाहीशी व्हायची, पुन्हा यायची – म्हणजे सायली घरात होती, आणि प्रतिभा जिन्याखाली उभी राहून नुसतीच बघत होती. वर जाऊन विचारायचं, एवढंच. आठवडा उलटला तरी भाडं आलं नव्हतं. मुलगी तशी नव्हती. हरसूलची, इथे दवाखान्यात नर्स, पगार झाला की आपणहून पाकीट घेऊन खाली यायची. मग आता का नाही... आणि विचारायला मलाच का लाज वाटावी?

घर नवऱ्याच्या, वाल्मीकच्या नावावर होतं. पण वरच्या दोन खोल्या तिच्या पैशांतून उठल्या होत्या. निफाडचा वडिलांचा मळा विकला तेव्हा भावांनी दिलेला वाटा या भिंतींत गेला होता. तेव्हाच तिनं सांगितलं होतं, भाडं माझ्या खात्यात. टाकी, गीझर, रंग, वरचा सगळा खर्च त्यातूनच. वाल्मीक हसला होता. "घरातल्या घरात दोन बँका?" तिला पाटल्या आठवल्या होत्या. त्याच्या दुकानात मोटारपंपांचा माल भरायला गहाण ठेवू दिलेल्या – लवकरच सोडवतो म्हणाला होता, आणि तो खोटं बोलत नव्हता, हेच तर... त्याच्या गल्ल्यात पडलेला पैसा कुणाचाच राहत नसे. त्याचासुद्धा.

ती वर गेली.

"काकू, मी तर कधीच दिलं," केस पुसता पुसता सायलीचा हात थांबला. "काका फाटकात भेटले, म्हणाले माझ्याकडे दे. चुकलं का माझं?"

"नाही गं. मीच विसरले."

किती सहज आलं तोंडात! का सावरून घेतलं मी त्याला – की स्वतःलाच, भाडेकरणीसमोर? टाकी गळत होती म्हणून ती गंगापूर रोडवर एसटीडी बूथशेजारच्या नळवाल्याकडे निघाली आणि त्याच्या दारावरून तशीच पुढे चालत राहिली, मनात वाक्यं जुळवत – अहो, एक विचारू? नको, विचारू कशाला... अहो, ते भाडं... ते कसलं, माझं – आणि 'माझं' म्हणताना भर रस्त्यात, कुणी ऐकलं की काय, असं वाटून तिनं मागे वळून पाहिलं.

संध्याकाळी तो हात धुऊन ताटावर बसला.

"सायलीचं भाडं तुम्ही घेतलंत?"

"हो. पंपाच्या कंपनीचा माणूस वसुलीला आला होता, त्याला दिले. का?"

"मला सांगायचं तरी."

"त्यात सांगायचं काय? घरातलेच पैसे ना?"

"नाही," ती म्हणाली.

त्याचा घास हातातच राहिला. "म्हणजे मी चोरले?"

"तसं म्हटलं नाही मी. पण परत द्या. वरची टाकी गळतेय."

तो ओरडेल असं तिला वाटलं. त्याची तयारी तिनं दिवसभर केली होती. तो उठला, खुंटीवरच्या शर्टातून दुकानाच्या नोटा काढल्या, तिच्यासमोर ठेवल्या.

"मोजून घ्या."

घ्या. लग्नापासून त्यानं तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. चेष्टा असती तर बरं झालं असतं... पण त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, रागही नव्हता. तो पुन्हा ताटावर बसला आणि खाली मान घालून जेवू लागला.

निम्मे परत त्याच्या खिशात ठेवावेत, विषय मिटेल, असं तिच्या मनात आलं. हात नोटांकडे गेला नाही. तिनं आमटीचा डाव पुढे केला.

"पुरे," तो म्हणाला – हलकेच, परक्याच्या घरी म्हणतात तसं – आणि तिला कळेना, वाईट वाटतंय ते त्याच्यासाठी, की इतकी वर्षं कधीच 'पुरे' न म्हणालेल्या माझ्यासाठी...