गाराणी नावाचा फोल्डर

मी बोलतोय खरा, पण मला तोंड नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या पिढीतल्या बाकीच्या लॅपटॉपांना कुशीला सीडीचा कप्पा असायचा. बटण दाबलं की जीभ बाहेर काढायचे. मी दहा इंचांचा, सडपातळ, स्वस्तातला. मला तो कप्पा बसवलाच नाही. कुठल्या देशात जन्मलो ते पोटावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं, पण खाऱ्या हवेने तो कागदही खाल्ला.

कुडाळच्या एका दुकानातून अनुजाने मला घरी आणलं, त्याला तेरा-चौदा वर्षं झाली. तारकर्लीच्या अलीकडे माडांतली वाडी, तिथे तिचं घर. ती मालवणला कॉलेजात जायची. ओटीवर मला उघडलं तेव्हा समोर तिचे वडील बसले होते. त्यांना सगळी वाडी दाजी म्हणे, पोटची पोरंही. त्यांनी मला उचललं, उलटं केलं, चारी बाजूंनी न्याहाळलं.

"गो चेडवा, ह्याका तोंड खंय?"

"नाय दाजीनू. ह्याका सीडी लागणा नाय."

"म्हणजे खावचो नाय, बोलूचो नाय. जावय असोच गावाक होयो!"

असाच जावई मिळावा म्हटल्यावर अनुजा लाजली आणि मला घेऊन आत पळाली. तोंड नसलं तरी मला कान होता. पडद्याच्या वर टाचणीच्या टोकाएवढं भोक. त्या भोकातून माझ्या पोटात जे गेलं, त्याचीच ही कहाणी आहे.

दाजींच्या घराण्याकडे गाराण्याचा मान. तुमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्या मालवणीत गाराणा म्हणजे देवापुढे उभं राहून सगळ्या गावाच्या वतीने केलेली विनवणी. एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. जत्रा असो, नवी होडी पाण्यात लोटायची असो, विहीर खणायची असो, दाजी टॉवेल खांद्यावर टाकून उभे राहत. देव, देवचार, वेशीवरचे राखणदार, एकेकाचं नाव ठरलेल्या क्रमाने. एक सुटलं तरी राखणदार रुसतो. कागदावर काही लिहिलेलं नाही. बापाने म्हणायचं, मुलाने मागे उभं राहून ऐकायचं, एवढीच शाळा.

मुलगा सुदेश त्या शाळेत कधी गेलाच नाही. "मगे आयकतंय" म्हणायचा. ऐकलं ते मुलीने. आणि मुलीला मान नाही.

अनुजा म्हणाली, "दाजीनू, घरातच बसान म्हणा, मी भरून घेतंय." दाजी भडकले. "उगाच देवाक उठवून काय सांगू? चेडू पेटी घेवन बसलाहा म्हणान?" कामाशिवाय गाराणा घालायचा नाही, हा त्यांचा नियम. मग तीच मला काखोटीला मारून प्रत्येक कामाला जायला लागली. होडीपाशी माझ्यात वाळू गेली. एक बटण त्या दिवसापासून अडकतं. चार वर्षांत तिने सतरा गाराणी माझ्या पोटात भरली आणि त्या फोल्डरला नाव दिलं 'गाराणी'. दुसरं काय देणार? होतीच ती.

लग्न होऊन ती ठाण्याला गेली तेव्हा मला बॅगेत भरत होती. दाजी म्हणाले, "ऱ्हवांदे हयसर. सुदेशाक लागात." प्रत्येक फोनवर ती भावाला सांगायची, "त्या गाराण्यांची एक कॉपी करून ठेव रे." तो म्हणायचा, "करतंय गो." हे 'करतंय' आमच्याकडे फक्त वर्तमानकाळातच चालतं. त्याचं 'केलंय' झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

पुढे सुदेशने घराच्या चार खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्या आणि मला बुकिंगसाठी काउंटरवर बसवलं. काय काय ऐकलं म्हणून सांगू! समुद्र लांब आहे. माशाला काटे आहेत. गिझर तापत नाही. रात्री लाटांचा आवाज येतो, बंद करता येईल का. सुदेश त्यांच्यापुढे 'हो सर, बघतो सर' करायचा आणि ते पाठमोरे झाले की कपाळावर हात मारायचा. "आजची गाराणी काय काय?" असं बायकोला हसत विचारायचा. देवापुढचा शब्द असा हळूहळू गिझरपाशी येऊन पडला. मला राग यायचा. पण माझ्या रागाने फक्त पंखा जोरात फिरतो आणि लोक म्हणतात, तापलो.

दोन वर्षांपूर्वी दाजींचं उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही. एकच शब्द उरला, 'व्हय'. जेवलात? व्हय. दुखतंय? व्हय. पाणी नको ना? तरी व्हय. ज्या माणसाच्या शब्दाला सगळा गाव व्हय म्हणायचा, त्याच्याकडे तेवढाच राहिला.

यंदा जत्रेच्या महिनाभर आधी गावचे मानकरी ओटीवर आले. "सुदेश, यंदा तुकाच उभ्या रवाक होया. दोन वर्सां कसातरी भागवला. जमणा नसात तर मान दुसऱ्या घरात जातलो."

"काय काळजी करू नकात," सुदेश म्हणाला. "दाजींचो आवाज लॅपटॉपात आसा. महिन्यात पाठ करतंय."

मग त्याने मला उघडलं. खोटं कशाला बोलू, माझीही अवस्था बरी नव्हती. सुरू व्हायला अर्धा तास लागायचा आणि सुरू झालो की पडदा निळा पडायचा. त्याने मला मालवणच्या बाजारात शाहनवाजच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. "आत दाजींचो आवाज आसा, तो आधी काढून ठेव. मगे ह्याका सगळा नवीन घालून दी."

शाहनवाज माणूस सरळ. त्याने मला साफ केलं, कसंबसं चालू केलं. "सीडी खंय घालू तुझ्या? तोंडच नाय," म्हणत त्याने एका पेनड्राइव्हवर विंडोज घेतलं आणि दुसरा माझ्या सामानासाठी लावला. शोधता शोधता त्याला 'दाजी' नावाचा फोल्डर सापडला. त्यात दाजींच्या पंचाहत्तरीचे फोटो आणि केक कापतानाचा व्हिडिओ. त्याला वाटलं, हाच तो आवाज. तो घेतला. पेनड्राइव्ह भरत आला. मग खाली त्याला दुसरा फोल्डर दिसला आणि त्याने सुदेशला फोन लावला. माझ्या शेजारीच, स्पीकरवर.

"सुदेशभाऊ, दाजींचो फोल्डर घेतलंय. आणखी एक मोठो आसा, 'गाराणी' म्हणान. तेचा काय करू?"

पलीकडे एक बाई तावातावाने बोलत होती, बादली गळते म्हणून. सुदेश तिला म्हणाला, "हो मॅडम, लगेच बदलतो." आणि फोनवर म्हणाला, "पुसान टाक रे! गाराणी सांभाळून काय करतलंय? रोज नवीन येतत."

शिरा पडली त्या बादलीवर, वाटोळं झालं तिचं!

शाहनवाजने पेनड्राइव्हवरून मला उठवलं. माझ्या डिस्कचे सगळे कप्पे मोडून एक केला. पडद्यावर सूचना आली: यातलं सगळं पुसलं जाईल, नक्की ना? तो हसला, "व्हय म्हाराजा" म्हणाला आणि बटण दाबलं.

तुम्ही म्हणाल, पुसलं तर तुला आठवतं कसं? आम्हाला पुसताना आधी नुसती यादी फाडतात. आतला माल तसाच पडून असतो, त्याच्यावर नवीन काही येऊन बसेपर्यंत. तेवढ्यात कोणी धावलं असतं तर वाचलं असतं. पण सुदेश मला घेऊन खुशीत घरी आला आणि आठ दिवस माझ्यात नवंनवं भरत राहिला. दाजींच्या आवाजावर बुकिंगच्या याद्या येऊन बसल्या. उरल्या त्या चिंध्या. 'बा देवा म्हाराजा' एवढं माझ्याकडे आहे. पुढचं नाव नाही.

नवव्या दिवशी त्याने गाराणा ऐकायला म्हणून पेनड्राइव्ह लावला आणि दाजी केक कापताना दिसले. तो तसाच मला घेऊन मालवणला धावला. शाहनवाजने हातातलं काम खाली ठेवलं. "भाऊ, मी तुमका विचारलंलंय."

"व्हय," सुदेश म्हणाला. "विचारलंलंस." तीन दिवस शाहनवाजने खटपट केली. काही हाती लागलं नाही. अनुजाला फोन करून सांगायचं मात्र सुदेशला धाडस झालं नाही.

जत्रेच्या सकाळी मी ओटीवर होतो. दाजी खुर्चीत बसले होते आणि जत्रेला आलेली अनुजा त्यांच्या पायाशी होती. देवळाचा भोंगा आमच्या घरापर्यंत ऐकू येतो. सुदेशने सुरुवात बरी केली. "बा देवा म्हाराजा..." गाव गरजला, व्हय म्हाराजा. तीन नावं झाली. चौथ्याला तो थांबला. भोंगा नुसता घुमत राहिला. कोणीतरी खोकलं.

आणि इकडे अनुजाने पुढचं नाव घेतलं. बारीक आवाजात, दाजींच्याच चालीत. मग त्याच्या पुढचं. वेशीवरचे, खाडीवरचे, सगळे ओळीने. प्रत्येक नावाला दाजी म्हणत होते, "व्हय." त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. माझा कान उघडा होता, पण रेकॉर्डिंगचं बटण कोणी दाबलं नव्हतं. स्वतःहून ऐकून ठेवायची सोय मला नाही.

दुपारी सुदेश मान खाली घालून आला. मान दुसऱ्या घरात गेला होता. अनुजा म्हणाली, "सुदेश, माका सगळा येता. भरून घे. नायतर मान परत मागान पुढल्या वर्सा मीच उभी रवतंय."

"बायलमाणसाचा गाराणा देवाक कसा चलात गो?"

दाजींनी डावा हात खुर्चीवर आपटला. "व्हय!" पुन्हा आपटला. "व्हय! व्हय!" चेहरा लालबुंद झाला होता.

"बघ," सुदेश म्हणाला. "दाजी पण व्हय म्हणतत."

अनुजा दुसऱ्याच दिवशी ठाण्याला गेली. तिचा फोन येत नाही. मी आता झटकन सुरू होतो, निळा पडत नाही. पाहुण्यांची गाराणी नीट सांभाळतो. दाजी खुर्चीतून माझ्याकडे बघत असतात.

सुदेशा, मेल्या, तिका फोन लाव. आणि या वेळी बटण दाब.