डबा की लेथ

सोनारकाम करणारे बाबा गेले आणि थोरल्याला घर आवरायचा झटका आला. आधी बाबांची खुर्ची नेली, मग तराजू. आता नजर लेथवर, अंगठ्या कातायच्या यंत्रावर. टेबलावर मावेल एवढाच तो, पण घरातली प्रत्येक अंगठी त्याच्यावरच गोल झालेली.

"संध्याकाळी भंगारवाला येतोय," तो धाकट्या बहिणीला म्हणाला. "कातताना थरथरतो, कुणाच्या कामाचा? आणि तू काय अंगठ्या करणार? बायकांचं काम आहे का हे?"

"घालायच्या बायकांनी आणि करायच्या मिशीवाल्यांनी होय?" धाकटी म्हणाली आणि पाना घेऊन बसली. बाबांच्या मांडीला मांडी लावून ती कातायला शिकली होती. लेथ गेला, तर तिचे हात रिकामे.

थरथरणारच तो. बाबांनी उभ्या जन्मात लेथ पुसला नाही. चिंधीबरोबर सोन्याचा कण जाईल, ही धास्ती. तेल तेवढं ओतायचे. सोन्याचा कीस, पॉलिशपेपरची वाळू आणि तेल, असा चिखल कटर पुढेमागे नेणाऱ्या सरकपट्टीखाली बसला आणि लोखंड खात राहिला. माणसाचा जीव घेतला तर खून म्हणतात, मशीनचा घेतला तर काटकसर!

तिने भाग सुटे केले, रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घासले. काळा गाळ चिंध्यांसकट बिस्किटांच्या डब्यात टाकला. तेवढ्यात थोरला आत आला.

"अस्सं! सोनं काढतेस होय गुपचूप? चोरटी!"

ओरडा ऐकून आई धावत आली. धाकटीने डबा त्याच्यापुढे आपटला.

"आईसमोर वाटणी. डबा की लेथ? एक उचल आणि दुसऱ्याचं नाव काढू नकोस."

थोरल्याने डबा तोलून पाहिला. चांगला जड. बाबांचा अख्खा जन्म होता त्यात.

"डबा!"

"आई, ऐकलंस?"

"ऐकलं गं. बहिरी नाही झाले अजून."

तो डबा घेऊन मागच्या अंगणात भट्टी पेटवायला पळाला. धाकटीने लेथ जोडला. अंगठी पकडणारं, स्वतः आणलेलं नवं चक बसवलं, कटरला धार लावली, सरकपट्टीचे स्क्रू आवळले आणि चांदीची अंगठी चढवली. पहिल्या फेरीला थरथर. तिने एक शिवी हासडली आणि स्क्रू आणखी किंचित आवळला. मग चांदीचा काप केसासारखा सलग उलगडत आला.

दारात भंगारवाला उभा राहिला. "ताई, भंगार न्यायचं होतं."

"मागे भट्टी फुंकत बसलंय. न्या उचलून."

आई तोंडाला पदर लावून हसली.

थोरला आला तो काजळलेल्या तोंडाने. तळहातावर सोन्याचा मोहरीएवढा मणी.

"एवढंच? बाबांनी जन्मभर जपलं ते एवढंच?"

तो लेथकडे बघत राहिला. गरगर फिरणाऱ्या अंगठीकडे. हात पुढे करणारच होता.

"दारातून बाजूला हो," धाकटी मान वर न करता म्हणाली. "उजेड अडतोय माझा."